तीन महिन्यांची रजा

"तीन महिने?" स्टेशनमास्तर चिंतामणरावांनी चष्मा कपाळावर सरकवला. "नाथाजी, इथं तीन दिवसांची रजा मागायची कुणाची छाती होत नाही सध्या."

गाड्यांसाठी रूळ बदलणारा सांधेवाला नाथाजी टेबलासमोर उभा होता. एक हात नकळत जांघेवर गेलेला.

"सांगलीच्या डाक्टरनी लिवून दिलंय मास्तर. अंतर्गळ हाय, आतडं जांघंत उतरून गाठ येती. पोट कापून शिवायचं म्हंत्यात. तीन आठवडं खाटंवर, फुडं दोन महिनं जड वढायचं न्हाई." मग घाईघाईनं म्हणाला, "म्या समदं ठरवून ठेवलंय. रूळ दुरुस्तीच्या गँगमधल्या त्या गुंडा नावाच्या पोराला शिग्नलचं खटकं वढायला शिकीवलंय. मी सांगलीत भनीकडं पडून ऱ्हातो. जरा बरं वाटलं की हितं यिऊन बसून झेंडी दावीन. फकस्त वढायचं नगं."

खिडकीशी खुर्ची टाकून फौजदार चहा पीत बसले होते. बेचाळीसची चळवळ उलटून वर्ष होत आलं होतं, तरी या टापूत गेल्याच महिन्यात दोनदा रूळ उखडले गेले होते. तेव्हापासून रजा मागणाऱ्या प्रत्येकाचं नाव आधी फौजदारांकडं जायचं.

"गाव कुठलं रे?" त्यांनी विचारलं.

"कुंडल, साहेब."

कप बशीत टेकला. "म्हणजे औंध संस्थान. तिथं आमचं, इंग्रजी पोलिसांचं चालत नाही, म्हणून सगळे फरारी तिथंच दडतात. तुझा भाऊ कुठं आहे?"

"ठावं न्हाई."

ते खरं होतं. धाकटा भाऊ दिवाळीत घरातून गेला तो गेलाच. पण खरं बोलणाऱ्या माणसाचा आवाज असा कापतो का, असं नाथाजीला स्वतःलाच वाटून गेलं.

"चिठ्ठी काय, इंग्रजीत कुणीही लिहील," फौजदार म्हणाले. "आजपर्यंत खटके कोण ओढत होतं?"

"मीच की."

"मग आजही ओढ. बघू दे तरी मला."

तेवढ्यात घंटा झाली. मिरजेकडं जाणारी पॅसेंजर मागचं स्टेशन सोडून निघाली होती. गुंडा गँगबरोबर लांब लायनीवर गेलेला. चिंतामणराव काही बोलणार, तोवर नाथाजी बाहेर पडला होता.

फलाटाच्या टोकाला लोखंडी खटके उभे होते. पहिला त्यानं ओढला. दुसरा ओढताना दात आवळले. तिसरा लांबच्या सिग्नलचा. त्याची तार पाव मैल गेलेली, गंजलेली, चांगल्या गड्याचाही घाम काढणारी. नाथाजीनं पाय रोवला आणि जोर लावला. खटका निम्म्यावर आला आणि पोटातून काहीतरी सरकन खाली उतरलं. हात सुटला. खटका धाडकन मागं गेला.

तो खाली बसला. रोजच्यासारखी गाठ तळव्यानं आत दाबू लागला. जाईना. दगडासारखी झाली होती. "कडक होऊन बाहेरच राहिली, तर वाट बघू नकोस," डॉक्टर म्हणाले होते. "जीव वाचवायला तासांचा हिशेब असतो."

"नाटक झकास करतो," दारातून फौजदार म्हणाले.

लांब, सिग्नलच्या पलीकडं गाडी येऊन उभी राहिली होती. तिनं एक शिटी दिली. मग दुसरी, लांबलचक.

चिंतामणराव बाहेर आले. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी खटक्याला हात लावला नव्हता. कोट काढून त्यांनी बाकावर टाकला आणि दोन्ही हातांनी खटका धरला. तो हलला नाही. त्यांनी पाय लावला, मागं रेलले, अंगाचा सगळा भार टाकून त्याला लोंबकळलेच. तार करकरली. लांबवर सिग्नलचा हात खाली पडला.

गाडी फलाटाला लागली. गार्ड आणि मास्तर दोघांनी मिळून नाथाजीला उचललं, मिरजेच्या दवाखान्यात पोचवायला गार्डच्या डब्यात विड्याच्या पानांच्या करंड्यांशेजारी निजवलं.

"थांबा!" फौजदार पुढं आले. "याची रजा मंजूर नाही. माझ्या सहीशिवाय हा हद्द सोडायचा नाही."

"रजेवर कोण चाललंय?" चिंतामणरावांनी खिशातून एक कोरा लिफाफा काढला आणि नाथाजीच्या मुठीत कोंबला. त्यांचा तळवा सोलला होता. लिफाफ्याला रक्त लागलं. "खात्याचं टपाल घेऊन मिरजेला चाललाय. ड्यूटीवर आहे तो."

"आणि परत आलाच नाही तर?"

"तर माझं नाव लिहून घ्या."

फौजदारांनी खरोखरच डायरी काढली. "पूर्ण नाव?"

चिंतामणरावांनी सोललेला तळवा रुमालाला पुसला. वाईला घर होतं, घरात लग्नाची मुलगी होती, पेन्शन चार वर्षांवर आली होती.

"चिंतामण अनंत केळकर," ते म्हणाले. "राहणार वाई."

त्यांनी हिरवी झेंडी उचलली. गाडी हलली. वेदनेनं वाकड्या झालेल्या नाथाजीनं कोपरावर भार देऊन मान उचलली. त्याला हात जोडायचे होते, पण एक हात गाठीवर होता आणि दुसऱ्यात लिफाफा.

"मास्तर!" तो दारातून ओरडला. "दुपारची मालगाडी यायची हाय अजून! तिसरा खटका पाय लावून वढा... पोटावर जोर घिऊ नगा!"