घरटी एक चौकट

"पप्पा, चला ना आता. इशिताला भूक लागलीय," सोनल तिसऱ्यांदा म्हणाली.

"तिला? आत्ताच दोन केळी खाल्ली नं तिनं!" देवानंद पुढच्या चौकटीकडे सरकले. शब्दाखाली बोट धरून इंग्रजी वाचायचं, ही पोस्टातल्या नोकरीची सवय. नागपूरहून येऊन त्यांना चारच दिवस झाले होते, आणि कोलोरॅडोच्या डोंगरातलं हे एवढंसं हाल्डेन त्यांना भलतंच आवडलं होतं. स्वित्झर्लंडहून आलेल्या अकरा कुटुंबांनी वसवलेलं गाव. जुन्या दगडी शाळेत गावाचं म्युझियम. भिंतींवर घरटी एक चौकट. तुम्ही कुठून आलात, आजोबा काय करायचे. काल राहायला आलेल्यांचीसुद्धा.

सोनलच्या घराची चौकट शेवटच्या भिंतीवर होती. सहा पावलांवर.

त्यात तिनं खोटं लिहिलं होतं.

म्युझियम सांभाळणाऱ्या मार्टाआजी मार्चमध्ये वही घेऊन दारात आल्या होत्या. नाव काय, गाव कोणतं, आजोबांचं काम काय? आधी चँडलर शहरात राहत असताना तिथल्या मराठी मंडळातल्या सुमेधाकाकूंनीही हेच विचारलं होतं, अगदी गोड आवाजात. तेव्हा सोनलनं खरं सांगितलं होतं. पुढच्या पॉटलकला, घरोघरून पदार्थ आणायच्या जेवणाला, तिच्या पाटवड्यांचा ट्रे नेला तसा भरलेला घरी आला. मार्टाआजींच्या मनात तसलं काही असणं शक्यच नव्हतं. पण कडेवर इशिता होती, आणि सोनलची जीभ आपोआप वळली. "हेडमास्टर होते."

आजोबा गावातली मेलेली ढोरं ओढायचे. छप्पन साली दीक्षा घेतली आणि गावाला सांगून टाकलं, उद्यापासून तुमचं ढोर तुम्ही ओढा. गावानं वर्षभर काम दिलं नाही. आजोबांनी नागपुरात हमाली केली, पण पुन्हा दोराला हात लावला नाही. पप्पा ही गोष्ट कुणालाही सांगत. येताना विमानात शेजारच्या अनोळखी माणसालाही त्यांनी मोडक्या इंग्रजीत ती ऐकवली होती.

"हा आकडा माझ्या पणजोबांचा," मार्टाआजी मागून म्हणाल्या. भिंतीवरच्या गंजक्या लोखंडी हुकावर त्यांनी हात ठेवला. "खाणीच्या वाटेवर मेलेली खेचरं ओढून न्यायचे. त्यांनी ते केलं नसतं तर इथे कुणी राहिलंच नसतं."

त्यांचं भरभर इंग्रजी पप्पांना कळेना. सोनलला ते मराठीत सांगावं लागलं.

देवानंदांचा चेहरा खुलला. "अरे बाप्पा! म्हणजे हे आपलेच लोक निघाले की! सांग नं बेटा यांना, तुझ्या आजोबांचंही हेच काम होतं. अन् ते सोडलं कसं, तेही सांग."

सोनलनं उगाच इशिताची टोपी सारखी केली.

"काय म्हणताहेत?" मार्टाआजींनी विचारलं. सोनल टोपीतच गुंतलेली दिसली, तेव्हा त्यांनीच देवानंदांचा हात धरला. "या, तुम्हाला तुमचं घर दाखवते."

शेवटच्या भिंतीशी त्या थांबल्या आणि पाहुण्याला समजावं म्हणून एकेक शब्द सावकाश, मोठ्यानं वाचू लागल्या. सोनलचे आजोबा गावच्या शाळेचे हेडमास्टर होते. गावात त्यांना मोठा मान होता.

देवानंदांचं बोट त्या एका शब्दाखाली थांबलं. त्यांनी तो परत वाचला.

सोनलचे कान तापले. आता पप्पा बोलणार. मार्टाआजींपुढे आपण खोट्या ठरणार. पण बोलावंच त्यांनी, असंही तिला वाटलं. ओरडावं, चारचौघांत ओरडावं.

"बरोबर आहे ना सगळं?" मार्टाआजींनी हसून विचारलं. "तुम्ही तर त्यांचा मुलगा."

देवानंदांनी सोनलकडे पाहिलं. ती फरशीकडे बघत होती. त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत घातला.

"येस, मॅडम," ते म्हणाले. "हेडमास्टर. व्हेरी स्ट्रिक्ट."