कोझुएची शाळेची वाट

अकरा वर्षं गावात शाळेत जाणारं पोरच नव्हतं, त्यामुळे शाळेची पायवाट बांबूने आणि वेलींनी पार गिळली होती. उद्यापासून माझी कोझुए पहिलीत जाणार होती. लाल दप्तर पाठीवरून उतरवायला ती तयार नव्हती, आणि चालतच जाणार म्हणून हटून बसली होती.

सकाळपासून गावातले पाचही म्हातारे कोयते घेऊन झाडीला भिडले होते.

"राहू द्या हो, तोकुजीआजोबा," मी म्हणाले. "पहिलीच्या मुलांनी गटानेच चालत यायचं, असा शाळेचा नियम आहे. ही तर एकटीच. मी गाडीने सोडेन."

"तू चहा आण गं," शिझुनोआजी म्हणाली. "उगाच हात थांबवू नकोस आमचे."

दुसऱ्या दिवशी कोझुए मला ओढतच वाटेच्या तोंडाशी घेऊन आली. मोकळ्या वाटेवर तेच पाच म्हातारे शाळकरी मुलांच्या पिवळ्या टोप्या घालून रांगेत उभे होते.

"गटात सगळ्यात मोठा पुढे असतो ना गं?" आजीने विचारलं.

शहाऐंशी वर्षांच्या तोकुजीआजोबांनी गटप्रमुखाचं पिवळं निशाण उंच धरलं. "पहिलीवाले माझ्या मागे. बाकीच्यांनी रांगेत गप्पा मारायच्या नाहीत."