सुशीलाची जागा

"उद्या तुमच्या घरातली बाय हंय येवन बसली नाय, तर माझी सून बसतली," मथुराकाकी कोळंबी सोलता सोलता तन्वीला म्हणाली. "मगे माका दोष देव नको."

मथुराकाकी तशी वाईट नव्हती. सुशीला, म्हणजे तन्वीची आई, गेली त्याला महिना झाला होता, आणि मासळी बाजारातली तिची नाक्यावरची जागा इतके दिवस काकीनेच राखली होती. पुरुषांनी मासे धरायचे आणि बायकांनी ते विकायचे, ही मालवणची रीत. २००६ साल उजाडलं तरी ती कुणी मोडली नव्हती. सासूची जागा सुनेला, आईची लेकीला. घरात बाई नसली की जागा गेली, आणि जागा गेली की होडीतली मासळी बंदरावरच दलालाच्या घशात. तन्वीच्या घरात आता बाई म्हणजे तन्वीच. वय एकोणीस, कणकवलीच्या कॉलेजात दुसरं वर्ष.

तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. आईने तिला कधी टोपलीला हात लावू दिला नव्हता. "माझ्या हाताक येता तो वास तुझ्या पुस्तकांक येवक नको," म्हणायची. आणि तीच आई आता तिला टोपलीपाशी बसवून गेली होती. तन्वीला आईचा राग आला. मग त्या रागाची लाज वाटली.

रविवार होता. दुपारी घरात बसवेना, म्हणून ती बाबांबरोबर होडीत गेली. बाबा आणि त्यांचा भागीदार धोंडू, दोघे प्रियांकाला किल्ल्यामागच्या खडकांकडे नेत होते. प्रियांका मुंबईची. तिथल्या माशांचा अभ्यास करायला दर महिन्याला यायची आणि शंकरकाकांचीच, म्हणजे बाबांचीच, होडी घ्यायची.

डोळ्यांवर काच लावून ती बराच वेळ पाण्यात पडून राहिली. वर आली ती हळहळतच.

"काका, मोठी मादी दिसत नाहीये. गेल्या वेळी होती."

खाली खडकाला एक समुद्रफूल चिकटलेलं होतं. त्याच्या पाकळ्यांना विष. दुसरा मासा शिवला तर संपलाच. पण काळपट पिवळ्या अंगावर पांढरे पट्टे असलेल्या एका जातीच्या माशांचं घरच त्या फुलात होतं, आणि त्या घरात मादी एकच, सगळ्यांत मोठी. फूल त्या माशांना लपवायचं आणि फुलाचे लचके तोडायला कोणी आलं की हे एवढेसे मासे त्याच्या अंगावर धावून जायचे. प्रियांकाने हे सगळं पूर्वीच सांगितलं होतं.

"मगे आता काय? घर मोडलां?" बाबांनी विचारलं.

"नाही मोडत. फूल सोडून त्यांना जगता येत नाही ना. मग मागे राहिलेला नरच हळूहळू मादी होतो. घर चालू राहतं."

धोंडूच्या हातून वल्हं सुटायचंच बाकी होतं. "ऐकलंस मा रे शंकर? घोवच बायल होता!" नवऱ्याचीच बायको होते, याची त्याला भारी गंमत वाटली.

बाबा हसले नाहीत. "गपचूप वल्ही मार," म्हणाले. मग प्रियांकाकडून ती काच मागून घेतली आणि होडीच्या कडेवरून पाण्यात तोंड घातलं. पुन्हा पुन्हा घातलं. शेवटी वर बघितलं तेव्हा डोळे लाल झाले होते. खारं पाणी गेलं, म्हणाले.

संध्याकाळी तन्वीने एकदाचं सांगून टाकलं. "बाबा, उद्यापासून बाजारात मी बसतलंय. कॉलेज बस झालां."

"जेव आधी," बाबा म्हणाले आणि स्वतः मात्र अर्ध्या ताटावरून उठले.

याचा अर्थ होकार, असं तिने धरलं. पुस्तकं फळीवर चढवली. रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होत पहाटे कुठे डोळा लागला, तो उन्हं अंगणात येईपर्यंत उघडलाच नाही. दचकून उठली तर कोपऱ्यात टोपली नाही, कोयता नाही, बाबाही नाहीत. बाबांनी जागा सोडली, तिच्या मनात आलं. मथुराकाकीच्या सुनेला देऊन टाकली. ती तशीच अनवाणी बाजाराकडे धावत सुटली. आईची जागा गेली याचं दुःख होतं आणि खरं सांगायचं तर कुठेतरी सुटल्यासारखंही वाटत होतं.

नाक्यावर ही गर्दी. माणसांना ढकलत ती पुढे घुसली.

आईच्या जागेवर बाबा बसले होते. लुंगी गुडघ्यांवर ओढून, पुढ्यात टोपली घेऊन. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. गिऱ्हाइकं लांबूनच बघत होती, पुढे कुणी होत नव्हतं. बाबांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. तन्वीला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं.

धोंडू पोट धरून हसत पुढे आला. "काय रे शंकर? खरोखरच बायल झालंस काय?"

बाबांनी कोयता उचलला आणि सुरमईचं डोकं एका घावात वेगळं केलं.

"होय, झालंय," ते म्हणाले. "घरात एक व्हयी ना? आता मासो घे, नाय तर वाट सोड."

हसणाऱ्यांत पहिली गप्प झाली ती मथुराकाकी. तिने बाबांना जागा करून देत आपली टोपली वीतभर बाजूला सरकवली.

तेवढ्यात बाबांचं लक्ष तन्वीकडे गेलं आणि ते तिच्यावरच खेकसले.

"आणि तू हंय काय करतंस गो? कणकवलीची गाडी काय तुझ्यासाठी थांबतली?"