पहिले तीन शब्द सोडून

लिंबं चिरून झाली आणि मीठ किती घालायचं, इथे त्र्यंबकरावांचं घोडं अडलं. बायकोला जाऊन आठ महिने झाले होते. लोणच्याचं प्रमाण तिने कधीतरी मेसेजमध्ये कळवलं असणार, पण फोनमध्ये तिचे चार हजार मेसेज होते.

"सोपं आहे, बाबा," लेकीने लॅपटॉप उघडला. "रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे मजकूर शोधायचं सूत्र लिहिते. प्रत्येक मेसेजचे पहिले तीन शब्द तेवढे निघतील. नुसतं 'लोणचं' शोधलं तर ढीगभर येतील; सुरुवातीवरून नेमका मेसेज कळेल."

यादी आली. प्रत्येक ओळीत तेच: 'अहो, रागावू नका.'

"आई इतकी घाबरायची तुम्हाला?"

"घाबरते कसली! करून मोकळी व्हायची, मग कळवायची. मी एवढंच वाचून फोन ठेवून द्यायचो."

लेकीने सूत्र बदललं. ते तीन शब्द सोडून पुढचे तीन आले. 'जुना सोफा विकला.' 'तुमच्या ताईंना बोलावलंय.' 'लोणचं दरवर्षी विकतचंच.'

त्र्यंबकराव बघतच राहिले. त्या लोणच्याची त्यांनी पाहुण्यांपुढे किती फुशारकी मारली होती!

"रागावलात?" लेकीने हळूच विचारलं.

"फार," ते खुर्ची ओढत म्हणाले. "सरक जरा. पहिल्या मेसेजपासून वाचू दे. चार हजार वेळा रागवायचं राहिलंय."