कॉम्प्युटरचं नाव

"बाबा, तुमचा कॉम्प्युटर माझ्या लॅपटॉपवर दिसतच नाहीये," सून हॉलमधून म्हणाली. सासूबाईंचा हसरा फोटो त्या कॉम्प्युटरमध्ये होता आणि प्रिंटर हॉलमध्ये. उद्या त्यांचं वर्षश्राद्ध होतं.

आतल्या खोलीत सासरे वैतागले. "वायफाय तेच आहे, शेअरिंग चालू केलंय. आता काय त्याची आरती ओवाळू?"

"मी तुमच्या नावानं, 'मोरेश्वर' म्हणून शोधतेय. त्या नावाचं काहीच नाही. कॉम्प्युटरला नाव काय दिलंय?"

"मला काय माहीत. क्लास लावून तीच शिकली, तिनंच सगळं बसवलं."

"मला वाटलं, तुमचंच नाव दिलं असेल त्यांनी."

"तिनं? लग्नातला उखाणा सोडला, तर तिनं माझं नाव कधी घेतलं नाही."

सुनेचा हात थांबला. यादीत तीन इंग्रजी अक्षरांचं एक नाव होतं. मघापासून ती ते राउटरचं काहीतरी समजून सोडून देत होती. आता तिनं ते मोठ्यानं वाचून पाहिलं. "अहो."

आत खुर्ची सरकली. "ओ, आलो," म्हणत सासरे लगबगीनं दारापर्यंत आले, आणि सुनेकडे बघत तिथेच उभे राहिले.