ओझ्याखालचा माणूस

क्रेन माझा साडू चालवतो आणि लोंबत्या ओझ्याखाली इशारे द्यायला मी उभा असतो. हल्ली त्याचे डोळे लाल दिसायचे, ओझं झोके खायचं. विचारलं की “झोप होत नाही” म्हणायचा. आज नशेच्या तपासणीसाठी त्याचं नाव निघालं. शेडमागे नेऊन त्याने माझ्यापुढे रिकामी बाटली धरली. “लघवी दे तुझी. काखेत धरून गरम ठेवतो, गार लागली की सिस्टर ओळखते.” “देतो,” मी म्हणालो. “पण नशा करून मी वर बसलो, तर तू खाली उभा राहशील?” त्याने हवेत टांगलेल्या लोखंडी पत्र्यांकडे पाहिलं, बाटली खिशात घातली आणि दवाखान्याकडे निघाला. वाटेत आणखी कुणाला गाठेल म्हणून मीही मागोमाग गेलो, खिडकीशी थांबलो. “सिस्टर, तपासणी कशाला?” तो म्हणाला. “वर्ष झालं घेतोय.” मला संशय महिन्याभरापूर्वी आला होता.