ऐंशी टक्के

मोटरवेवरच्या सर्व्हिसेसच्या थांब्यावर अंबरीशने गाडी चार्जरला लावली आणि नेहमीसारखा एडिनबराला आईला फोन केला. नवी इलेक्ट्रिक गाडी घ्यायची ठरत होती. तो पडला इंजिनिअर. विषय निघायचा अवकाश, गडी सुरूच झाला.

"बॅटऱ्या दोन प्रकारच्या आहेत, आई. एक निकेलची. हलकी असते, एका चार्जमध्ये लांब जाते. पण माझ्या आत्ताच्या गाडीसारखीच ऐंशी टक्क्यांवर थांबवायची, नाहीतर लवकर म्हातारी होते. दुसरी लोखंड-फॉस्फेटची. जड असते, थंडीत जरा कुरकुरते, वाटेत जास्तदा थांबावं लागतं. पण टिकते खूप."

प्रमोदिनीबाईंचा उभा जन्म हॉस्पिटलात पेशंटना भूल देण्यात गेला होता. गाड्यांमधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. त्यांनी एवढंच विचारलं, "ती लोखंडाची किती भरायची?"

"ती शंभर टक्के भरली तरी चालते. उलट अधूनमधून भरावीच लागते. पण शेवटचे वीस टक्के इतके रेंगाळतात ना, की जीव जातो. मी निकेलचीच घेणार."

"लोखंडाची घे."

"अगं, पण का? तुला काय फरक पडतो?"

"'चल आई, ऐंशी झाले,' म्हणून दर वेळी फोन ठेवतोस, म्हणून म्हटलं."

समोरच्या स्क्रीनवर एकोणऐंशीचे ऐंशी झाले.